शेवटचा धक्का

सूर्य मावळतोय, एक थकलेली युद्धनौका भंगारात चाललीय आणि तिला ओढतोय एक काळाकुट्ट, धूर ओकणारा टग. लंडनच्या टेम्स नदीवरच्या बोटींची चित्रं म्हणजे नुसतं ‘सीनरी’ काम असेल, असं वाटत होतं. पण ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येकाला ती काहीतरी सांगतात राव!

सीन आठवतोय? 2012 चा ‘स्कायफॉल’. जेम्स बाँड लंडनच्या नॅशनल गॅलरीत एका बाकावर बसलाय. शेजारी येऊन बसतो एक चष्मेवाला पोरगा. हा म्हणे नवा क्यू! दोघांच्या समोर भिंतीवर एक चित्र. पोरगा त्या चित्रातल्या म्हाताऱ्या जहाजाबद्दल काहीतरी तात्त्विक बोलतो. बाँडला मात्र त्यात एक भलं मोठं जहाज दिसतं, बस्स. थिएटरमध्ये आपण सगळे हसलो होतो. पण टोमणा बाँडला होता, आणि तो कळण्याइतका बाँड हुशार होता. ‘तुझं वय झालं, आता आम्ही आलो,’ एवढाच त्याचा अर्थ.

ते चित्र म्हणजे जे. एम. डब्ल्यू. टर्नरचं ‘द फायटिंग टेमेरेअर’. 2005 मध्ये बीबीसी रेडिओने श्रोत्यांना ब्रिटनमधलं सर्वांत भारी चित्र निवडायला सांगितलं, तेव्हा पहिला नंबर याचाच. 2020 पासून ते इंग्लंडच्या 20 पौंडांच्या नोटेवर जाऊन बसलंय. म्हणजे ऑनसाइटला गेलेल्या आपल्या कितीतरी मंडळींनी ते खिशात घालून फिरवलंय आणि त्याच्या बदल्यात सँडविच खाल्लंय!

मीही त्यातलीच. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी लंडनला गेले होते. ऑफिस कॅनरी वॉर्फला. एका रविवारी बाहेर मस्त पाऊस आणि गॅलरीला तिकीट नाही, एवढ्या एकाच कारणासाठी आत शिरले. आणि त्या बोटीसमोर चांगली चाळीस मिनिटं उभी राहिले.

खरं काय घडलं होतं?

आधी थोडी स्टोरी. टेमेरेअर ही 98 तोफांची युद्धनौका. 1798 मध्ये चॅटमच्या गोदीत पाण्यात उतरली. तिच्या बांधणीसाठी पाच हजारांहून जास्त ओकची झाडं लागली म्हणतात. 1805 च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या मागोमाग हीच होती. व्हिक्टरी संकटात सापडल्यावर मदतीला धावली, जबर मार खाल्ला, दोन शत्रुनौकांना अडकवून ठेवलं. थोडक्यात, त्या वर्षीची ‘स्टार परफॉर्मर’.

मग लढाया संपल्या. स्टार परफॉर्मरला काम उरलं नाही. आधी तिचा तुरुंग केला, मग नव्या खलाशांना ठेवायची तरंगती धर्मशाळा, मग कोठार. शेवटी 1838 मध्ये 5,530 पौंडांना लिलावात विकली. घेणारा होता जॉन बीट्सन, रॉदरहाइथचा जहाज तोडणारा व्यापारी. 5 आणि 6 सप्टेंबर 1838 असे दोन दिवस, शीअरनेसपासून रॉदरहाइथपर्यंत, सुमारे 55 मैल तिला नदीतून ओढत आणलं. डोलकाठ्या आधीच काढलेल्या, तोफा उतरवलेल्या. उरलं होतं ते एक लाकडी खोकं.

आता चित्र बघा. डोलकाठ्या जागेवर! जहाज सोनेरी-पांढरं, अगदी स्वप्नातल्यासारखं. ओढणारे टग खरे दोन होते, चित्रात एकच. आणि बोट पश्चिमेकडे चालली होती, म्हणजे मावळता सूर्य तिच्या पुढ्यात पाहिजे, तो टर्नरने टाकला मागे. आता बोला! आजच्या भाषेत सांगायचं तर गड्याने फुल्ल फोटोशॉप केलंय. वर हा प्रसंग त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल, याचाही भक्कम पुरावा नाही.

पण टर्नरला काही कळत नव्हतं, असं अजिबात नाही. न्हाव्याचा हा मुलगा टेम्सच्या जवळच, कोव्हेंट गार्डनमध्ये वाढला आणि 1851 मध्ये नदीकाठच्याच चेल्सीत गेला. बोटी त्याला तोंडपाठ होत्या. 1839 मध्ये चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा तो स्वतः 64 वर्षांचा होता. त्याने डोलकाठ्या परत लावल्या त्या चुकून नाही. म्हाताऱ्या बोटीला शेवटच्या दिवशी तिचे चांगले कपडे घातले त्याने. हे चित्र त्याने कधी विकलंही नाही. मागणी आली तरी नाही. मरताना देशाला देऊन गेला.

शाल, श्रीफळ आणि घड्याळ

हे वाचताना मला आमच्या बाबांचा निरोप समारंभ आठवला. बाबा गोदीत क्रेनवर होते. 31 वर्षं. मग कंटेनर आले, नवी यंत्रं आली, माणसं कमी लागायला लागली आणि व्हीआरएसचा कागद आला. शेवटच्या दिवशी हॉलमध्ये पन्नासेक खुर्च्या, बटाटेवडा, पेढा. साहेबांनी भाषणात बाबांचं आडनाव चुकीचं घेतलं. शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला उद्यापासून वेळेवर कुठं जायचंच नाही, त्याला घड्याळ! घरी येऊन बाबांनी ते कपाटावर ठेवलं. आजही तिथंच आहे, सेलशिवाय.

त्या हॉलमध्ये कुणीतरी टर्नर असायला हवा होता, असं मला गॅलरीत उभ्या उभ्या वाटलं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

पण थांबा. टेम्सवर बोटी काढणारा टर्नर एकटा नव्हता. सगळेच प्रेमाने खोटं बोलले असंही नाही. माझं ऑफिस ज्या जागेवर होतं, त्या जागेचंच एक चित्र आहे. ते पाहिलं आणि दुसरी बाजू कळली.

बिल्डरचं ब्रोशर, सन 1802

विल्यम डॅनिएल हे नाव आपल्याला थोडं जवळचं. काका थॉमस डॅनिएलबरोबर हा पोरगा 1786 मध्ये भारतात आला आणि पुढची सातेक वर्षं देशभर चित्रं काढत फिरला. 1793 मध्ये दोघे मुंबईतही होते. तिथं त्यांची गाठ जेम्स वेल्सशी पडली. हा तोच वेल्स, ज्याने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून डॅनिएल मंडळींनी पुढे लंडनमध्ये छापील चित्रांचा संचही काढला.

तर लंडनला परतल्यावर 1802 मध्ये या विल्यमने नदीकाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या वेस्ट इंडिया डॉक्सचं चित्र छापलं. आकाशातून पाहिल्यासारखं. पाण्याचे सरळसोट आयत, काठाने वखारींची रांग, शिस्तीत उभी असलेली जहाजं. बांधकाम अजून चालू होतं, तरी चित्रात सगळं कसं चकाचक! आपल्याकडे हायवेवरच्या होर्डिंगवर ‘प्रस्तावित टॉवर’ असतो ना, स्विमिंग पूलसकट? अगदी तेच.

त्या डॉकमध्ये काय उतरायचं? साखर, रम, कॉफी. पिकवणारे कोण? कॅरिबियन बेटांवरचे आफ्रिकन गुलाम. ते या चित्रात कुठंच नाहीत. चित्राने काही खोटं सांगितलं नाही, फक्त सोयीचं तेवढंच दाखवलं. डॉक उभारण्यात पुढाकार घेणारा रॉबर्ट मिलिगन हा स्वतः मळे आणि गुलाम बाळगणारा व्यापारी. त्याचा पुतळा तिथं कितीतरी वर्षं उभा होता. तो हटवला गेला जून 2020 मध्ये.

डॉक 1980 मध्ये बंद पडला. जहाजं मोठी झाली, कंटेनर आले, ती इतक्या आत येईनात. पुढे त्याच जागेवर काचेचे टॉवर उभे राहिले. आणि एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर मी एक्सेल शीट उघडून बसले होते. बाबांची नोकरी घालवणाऱ्या त्याच कंटेनरने माझ्या ऑफिसला जागा करून दिली होती. कॉफी हातात घेऊन खाली पाण्याकडे बघताना हे लक्षात आलं आणि कॉफी जरा कडू लागली.

नोकरी न जमलेला माणूस

डॅनिएलने गोदी वरून पाहिली. व्हिस्लरने ती खालून पाहिली, पार पाण्याच्या पातळीवरून.

जेम्स मॅकनील व्हिस्लर हा अमेरिकन. ‘बीन’ सिनेमात मिस्टर बीन शिंकतो आणि मग एका म्हातारीच्या चित्राची पार वाट लावतो, आठवतंय? ते चित्र याचं, याच्या आईचं. तर हा व्हिस्लर तरुणपणी वॉशिंग्टनला किनारा-सर्वेक्षणाच्या सरकारी खात्यात नोकरीला होता. काम काय, तर तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरायचे. पठ्ठ्या ऑफिसात कमी आणि बाहेर जास्त. नकाशाच्या रिकाम्या जागेत माणसांची तोंडं काढायचा. 1854 च्या शेवटी लागलेली नोकरी 1855 च्या सुरुवातीलाच संपली. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट शिकला. एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथं सुई फिरली तिथं तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर दाबलं की चित्र तयार.

1859 मध्ये 25 वर्षांचा व्हिस्लर लंडनला येऊन थेट गोदीच्या वस्तीत राहिला. वॉपिंग, रॉदरहाइथ. पांढरपेशा लंडनकर जिथं पाय ठेवत नव्हते तिथं. टेमेरेअर जिथं फोडली त्याच काठावर. तिथं त्याने काढलं ‘ब्लॅक लायन वॉर्फ’. मागे धक्क्यावरच्या वाकड्यातिकड्या लाकडी वखारी, एकेक फळी आणि पाटी मोजून घ्यावी इतक्या बारीक. आणि पुढे अगदी आपल्या समोर एक पडाववाला बसलाय. हिरो वगैरे काही नाही. कामाच्या मध्ये जरा टेकलेला माणूस.

हे पडाववाले, म्हणजे तिथले ‘लायटरमन’, नदीचे खरे मालक. मोठी जहाजं नदीत मधोमध नांगर टाकायची. त्यांच्यातला माल सपाट पडावांवर घेऊन धक्क्याला पोचवायचा, हे यांचं काम. टेम्सला भरती-ओहोटी जबरदस्त, लंडन ब्रिजपाशी पाणी सात मीटरपर्यंत वरखाली होतं. हे लोक हातात फक्त लांब वल्हं घेऊन भरतीच्या जोरावर टनावारी माल वाहून न्यायचे. पाणी कधी वळणार, कुठं भोवरा, कुठं गाळ, सगळं डोक्यात.

व्हिस्लरचा हा 16 चित्रांचा संच 1871 मध्ये छापून निघाला. त्याच वर्षी त्याने आईचं ते प्रसिद्ध चित्रही काढलं. पुढच्या वेळी ते समोर आलं तर म्हातारीकडे नको, मागच्या भिंतीकडे बघा. तिथं एक छोटी फ्रेम टांगलीय. ती ‘ब्लॅक लायन वॉर्फ’ची. आईच्या चित्रात त्याने गोदी टांगून ठेवली! मला तर हे फारच आवडलं.

घाम, झगमग, काजळी आणि पैसा

आणि मग विल्यम लायनेल वायली. हा दर्यावर्दी चित्रकार. बोटी नुसत्या काढायचा नाही, चालवायचाही. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकासाठी डेडलाइन सांभाळून चित्रं द्यायचा, म्हणजे आपल्यासारखाच पगारी माणूस. 1883 मध्ये त्याने जे चित्र रॉयल ॲकॅडमीत लावलं, त्याचं नावच मराठीत सांगायचं तर ‘भरतीच्या पाण्यावर घाम, झगमग, काजळी आणि पैसा’. कोळशाचे पडाव, धूर, काळवंडलेली माणसं आणि या सगळ्यामधून चांदीसारखं लखलखणारं पाणी. ते तेव्हाच सार्वजनिक संग्रहासाठी विकत घेतलं गेलं आणि आज टेट गॅलरीकडे आहे.

नाव परत वाचा. चारही शब्द एका दमात आहेत. टर्नरने काजळी फक्त टगला दिली आणि झगमग सगळी जहाजाला. वायली म्हणतो, असं वेगळं करताच येत नाही. ज्या पाण्यावर पैसा येतो त्याच पाण्यावर घाम येतो. झगमग दिसते तीही धुरातूनच.

बाबा म्हणाले...

त्या रविवारी रात्री मी बाबांना टेमेरेअरचा फोटो पाठवला आणि फोन केला. म्हटलं, आता बाबा भावुक होणार. म्हातारी बोट, शेवटचा प्रवास वगैरे. मी गोष्ट सांगितली. पलीकडे जरा वेळ शांतता.

“टगवाला कोण होता गं?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“अगं, एवढं धूड. स्वतःचं शीड नाही, काही नाही. वळणावळणाची नदी, समोरून ट्रॅफिक, खाली भरतीचं पाणी. दोन दिवस ओढत आणलं आणि कुठं ठोकलं नाही. चेष्टा आहे का? तो माणूस दिसत नाही चित्रात.”

मी परत बघितलं. खरंच. इतका वेळ मी त्या बोटीत बाबांना बघत होते, आणि बाबा स्वतःला बघत होते टगमध्ये! तो काळा, कुरूप, धूर ओकणारा टग. आपण सगळे ज्याला त्या चित्रातला व्हिलन समजतो तो. तो तर फक्त त्या दिवसाचं काम करत होता. आणि ते उत्तम करत होता.

“आणि हे बघ,” बाबा पुढे म्हणाले, “त्या टगचंही वय होणारच की. त्याला कुणी काढलं का?”

आपली टेमेरेअर

याचं उत्तर द्यायला लंडनला जायची गरज नाही. विक्रांत आठवते? आपली पहिली विमानवाहू नौका. तिचा सांगाडा उभा राहिला तो इंग्लंडमध्येच, न्यूकासलच्या टाइन नदीकाठी. 1961 मध्ये ती भारतीय नौदलात आली, 1971 च्या युद्धात गाजली, 1997 मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती. आपल्यातले कित्येक जण शाळेच्या ट्रिपला तिच्या डेकवर उड्या मारून आलेत. मग 2014 मध्ये भंगारात विकली गेली आणि टगनी तिला ओढत दारूखान्याला नेलं. तिथल्या कामगारांनी गॅसकटरने तिचे तुकडे केले.

टेमेरेअरच्या ओकमधून रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या झाल्या. विक्रांतच्या पोलादाचा अंश वापरून 2016 मध्ये बजाजने मोटरसायकल काढली. जुनं जहाज कुठं ना कुठं उरतंच. प्रश्न एवढाच की तोडणारे, ओढणारे, वाहणारे हात कुठं उरतात? टर्नरकडे ते नाहीत. डॅनिएलकडे तर नाहीतच नाहीत. व्हिस्लर आणि वायलीकडे आहेत, कारण ते पाण्याच्या पातळीवर जाऊन बसले.

आपल्याही ऑफिसात दर दोन-तीन वर्षांनी एक टेमेरेअर निघते. कधी एखादे सीनियर, कधी अख्खी टीम, आता तर कधी सॉफ्टवेअर येतं आणि सगळा फ्लोअर रिकामा होतो. आपण केक कापतो, ग्रुप फोटो काढतो, सोमवारी त्यांच्या खुर्चीवर कुणाची तरी बॅग असते. पुढच्या वेळी एक करा. त्या माणसाचं काम नेमकं काय होतं, ते त्याला विचारा. शांतपणे, दहा मिनिटं. आडनाव बरोबर घ्या. आणि घड्याळ देऊ नका, प्लीज!

मी परत आल्यावर 20 पौंडांची एक नोट बाबांना दिली. त्यांनी चष्मा वर करून ती उजेडात धरली. ती आता त्यांच्या पाकिटात असते, गोदीच्या जुन्या पासमागे. परवा शेजारच्या काकांना दाखवत होते.

“ही बोट नका बघू,” बाबा सांगत होते, “पुढचा टग बघा.”

लंडनला गेलात तर...

* नॅशनल गॅलरी, ट्रफाल्गर स्क्वेअर : टेमेरेअर इथं. प्रवेश फुकट. बाकावर बसून ‘स्कायफॉल’ पोझमध्ये फोटो काढणारे तुम्ही पहिले नसाल, तरी काढाच.
* टेट ब्रिटन : वायलीचं चित्र यांच्या संग्रहात. सगळीच चित्रं कायम भिंतीवर नसतात, जायच्या आधी वेबसाइट बघा.
* लंडन म्युझियम डॉकलंड्स : कॅनरी वॉर्फच्या शेजारी, साखरेच्या जुन्या वखारीत. गुलामगिरीची बाजूही इथं स्पष्ट मांडलीय. हेही फुकट.
* रॉदरहाइथ : स्टेशनवरून चालत सेंट मेरी चर्च, मग नदीकाठ. ओहोटीच्या वेळी गेलात तर उघडा पडलेला गाळ दिसेल. टेमेरेअर याच काठाला शेवटची लागली.
* जमलं तर हार्टलपूल : लंडनपासून लांब, उत्तरेला आहे. पण तिथं ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही तरंगतेय. 1817 ची, मलबारी सागवानाची, वाडियांच्या देखरेखीखाली आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली. ओकची टेमेरेअर फुटली, आपली सागवानी अजून पाण्यावर आहे. कॉलर टाइट!